मार्क ट्वेन यांची दिवाळखोरी व कर्जफेड

मार्क ट्वेन (मूळ नाव : सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स, जन्म : ३० नोव्हेंबर १८३५, फ्लॉरिडा, मिसूरी, मृत्यू : २१ एप्रिल १९१०, रेडिंग, कनेक्टिकट) हे अमेरिकन कादंबरीकार, विनोदी लेखक व व्याख्याते होते. टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन या त्यांच्या बालनायकांमुळे ते जगभर ओळखले जातात. मराठी वाचकांनाही हे दोन्ही नायक परिचयाचे आहेत. लेखनातून त्यांना विपुल पैसा मिळाला. तथापि प्रकाशनव्यवसाय आणि एका अक्षरजुळणी यंत्रातील गुंतवणूक यांमुळे १८९४ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे दिवाळे निघाले. त्यानंतर त्यांनी व्याख्यानांसाठी जगप्रवास केला आणि १८९८ च्या प्रारंभापर्यंत धनकोंचे देणे पूर्णपणे फेडले. या प्रवासात जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस आले होते. त्यांच्या आयुष्यातील या आर्थिक पर्वाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

कर्ज आणि फसलेल्या आशा यांची ओळख ट्वेन यांना बालपणीच झाली. त्यांचे वडील जॉन मार्शल क्लेमेन्स हे वकिली, दुकानदारी व न्यायदान असे नाना व्यवसाय करीत. पण कशातच त्यांचा जम बसला नाही. टेनेसी राज्यात त्यांनी सुमारे ७५ हजार एकर जमीन अत्यल्प किमतीत घेऊन ठेवली होती. ही जमीन आज ना उद्या मुलाबाळांना श्रीमंत करील, या भरवशावर ते कुटुंब वर्षानुवर्षे जगले. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्याने विकली गेली आणि तिच्यातून हाती म्हणावे असे काही लागले नाही. १८३९ मध्ये कुटुंब मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल या गावी स्थायिक झाले. तेथे कर्जापायी घरातील चीजवस्तू विकण्याची पाळी आली. मार्च १८४७ मध्ये वडील न्यूमोनियाने वारले, तेव्हा सॅम्युएल अकरा वर्षांचे होते. टेनेसीच्या जमिनीची आस पुढे त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येते. चार्ल्स डडली वॉर्नर यांच्यासह लिहिलेल्या ‘द गिल्डेड एज’ (१८७३) या कादंबरीचा तर तो एक मुख्य धागाच आहे.

शाळा सुटल्यावर सॅम्युएल छापखान्यात उमेदवारी करू लागले. थोरले बंधू ओरायन यांच्या वृत्तपत्रातही त्यांनी जुळारी म्हणून काम केले. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळ भरायची, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, हे कंटाळवाणे काम त्यांनी काही वर्षे केले. ते काम किती वेळखाऊ आहे हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. ते करणारे यंत्र म्हणजे सोन्याची खाण, अशी त्यांची पुढे खात्री पटली ती यामुळेच.

१८५७ मध्ये होरेस बिक्स्बी यांच्या हाताखाली त्यांनी मिसिसिपीवरील आगबोटी चालवण्याचे शिक्षण सुरू केले आणि १८५९ मध्ये परवाना मिळवला. ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव याच व्यवसायातले : पाण्याची खोली दोन वाव, म्हणजे बारा फूट असल्याची ती खूण. १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे नदीवरील वाहतूक थांबली, तेव्हा ते ओरायन यांच्याबरोबर नेव्हाडात गेले. तेथे चांदीच्या खाणींचे वेड शिगेला पोहोचले होते. ट्वेन यांनीही खाणींचे हिस्से घेतले, कुदळ-फावडे चालवले आणि हात रिकामेच ठेवून परतले. पोटासाठी त्यांनी व्हर्जिनिया सिटीच्या वृत्तपत्रात नोकरी धरली. फेब्रुवारी १८६३ मध्ये त्यांनी आपले टोपणनाव प्रथम वापरले ते तेथेच.

यश आणि सांपत्तिक स्थिती

‘द इनोसंट्स ॲब्रॉड’ (१८६९) या प्रवासवर्णनाने ट्वेन यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली. पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे ७० हजार प्रती खपल्या. हे पुस्तक दुकानांतून विकले गेले नव्हते. प्रकाशकाचे विक्रेते गावोगाव हिंडून आगाऊ वर्गणीदार नोंदवीत आणि मग पुस्तक घरपोच देत. प्रतिष्ठित लेखक या पद्धतीला कमी लेखत. ट्वेन यांना मात्र तिच्यातून मिळणारा पैसा महत्त्वाचा वाटे. २ फेब्रुवारी १८७० रोजी एल्मायरा येथील धनाढ्य कोळसा-व्यापारी जर्विस लँगडन यांची कन्या ऑलिव्हिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचा मुलगा लँगडन तान्हेपणीच वारला. पुढे सूझी, क्लॅरा व जीन या तीन मुली झाल्या. १८७४ मध्ये कुटुंब हार्टफर्ड येथील प्रशस्त घरात राहावयास गेले. या घराची मालकी ऑलिव्हिया यांच्याकडे होती, ही गोष्ट वीस वर्षांनी फार मोलाची ठरली.

हार्टफर्डमधील सतरा वर्षे ट्वेन यांच्या प्रतिभेच्या बहराची होती. ‘टॉम सॉयर’ (१८७६), ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ (१८८१), ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ (१८८३), ‘हकलबेरी फिन’ (१८८४) आणि ‘अ कनेक्टिकट यांकी’ (१८८९) ही पुस्तके या काळातली. मात्र घरखर्च उत्पन्नाच्या बरोबरीने वाढत होता. नोकरचाकर, पाहुण्यांचा सततचा राबता, नव्या यंत्रांची हौस यांत पैसा उरत नसे. ट्वेन स्वतः तीन शोधांचे एकस्वधारक होते. त्यांपैकी आपोआप चिकटणाऱ्या कात्रणवहीने त्यांना चांगला नफा दिला. नफा देणारी त्यांची ही जवळजवळ एकमेव व्यापारी कल्पना होय.

प्रकाशनसंस्था

आपल्या पुस्तकांचा नफा प्रकाशक गिळतात, असा ट्वेन यांचा दृढ समज होता. म्हणून १८८४ मध्ये त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि भाचजावई चार्ल्स वेब्स्टर यांच्याकडे कारभार सोपवून तिला त्यांचेच नाव दिले. आरंभ डोळे दिपवणारा झाला. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी ज्या पेढीत भागीदारी घेतली होती, ती भागीदाराच्या लबाडीमुळे मे १८८४ मध्ये बुडाली होती आणि ग्रँट निष्कांचन झाले होते. घशाच्या कर्करोगाने ग्रासलेले ग्रँट पत्नीच्या निर्वाहासाठी आठवणी लिहू लागले. दुसऱ्या प्रकाशकाने देऊ केलेला मोबदला ट्वेन यांना अपमानास्पद वाटला; त्यांनी निव्वळ नफ्याच्या ७० टक्के वाटा ग्रँट यांना कबूल केला. हस्तलिखित पूर्ण करून काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, ग्रँट वारले. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्यांच्या पत्नीला २ लाख डॉलरचा पहिला धनादेश देण्यात आला. एका दिवाळखोराचे घर सावरणारी ही संस्था आठ वर्षांनी आपल्या मालकालाच दिवाळखोर करणार होती.

ग्रँट यांच्या यशाने संस्थेची दृष्टी बिघडली. पोप तेरावे लिओ यांचे चरित्र (१८८७) प्रत्येक कॅथलिक घरात विकत घेतले जाईल, ही अपेक्षा फोल ठरली. हिशेबनीसाने मोठी अफरातफर केली. परंतु खरा घात केला तो अमेरिकन वाङ्मयाच्या अनेक खंडी संग्रहाने. हा संग्रह हप्त्यांवर विकला जाई. प्रत्येक संच विकला जाताच छपाई, बांधणी आणि विक्रेत्याची दलाली यांचा खर्च संस्थेला तत्काळ करावा लागे. ग्राहकाचा पैसा मात्र महिन्यामहिन्याने थोडाथोडा येई. विक्री वाढेल तितकी रोकड आटत जाई. वाढत्या खपाने व्यवसाय बुडणे ही बाब वरवर चमत्कारिक वाटते. पण खेळत्या भांडवलाशिवाय हप्तेबंदीची विक्री करणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला ती अपरिचित नाही. संस्था बँकांकडून हुंड्यांवर पैसे उचलून दिवस काढू लागली. वेब्स्टर १८८८ मध्ये निवृत्त झाले आणि १८९१ मध्ये वारले. त्यांच्यामागे फ्रेड हॉल या तरुण व्यवस्थापकाने कारभार पाहिला. ट्वेन यांनी आपल्या अपयशाचे खापर पुढे वेब्स्टर यांच्यावर फोडले, ते सर्वस्वी न्याय्य म्हणता येत नाही. संस्थेतून रोकड काढून यंत्रावर घालणारे ट्वेन स्वतःच होते.

पेज यांचे यंत्र

जेम्स पेज या संशोधकाने तयार केलेल्या अक्षरजुळणी यंत्रात ट्वेन यांनी १८८० च्या सुमारास काही हजार डॉलर गुंतवले. १८८६ नंतर त्यांनी यंत्राच्या निर्मितीचा जवळजवळ सगळा भार स्वतःवर घेतला आणि दरमहा हजारो डॉलर त्यात ओतले. एकूण हानी ३ लाख डॉलरच्या घरात गेली, असे सामान्यतः मानले जाते. पत्नीच्या वारशाचा मोठा भागही तीत गेला.

यंत्र फसवे नव्हते. ते खिळे उचली, ओळ जुळवी, शब्दांमधील अंतर सारखे करी आणि काम झाल्यावर खिळे परत आपापल्या जागी नेऊन ठेवी. म्हणजे माणूस-जुळारी जे जे करी, ते ते सर्व हे यंत्र करी, आणि पुष्कळ अधिक वेगाने. अडचण नेमकी तेथेच होती. मानवी हाताच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करण्यासाठी त्याला सुमारे १८ हजार सुटे भाग लागले आणि त्यांतला एखादा तरी सतत बिघडत असे. पेज समाधानी वृत्तीचे नव्हते. यंत्र चालू लागले की ते सुधारणेसाठी पुन्हा उघडीत. दरम्यान ओटमार मर्गेनथेलर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्येच न्यूयॉर्कच्या एका दैनिकात कामाला लागले होते. त्यात खिळे परत लावण्याचा प्रश्नच नव्हता. ते वितळलेल्या धातूची अख्खी ओळ दर वेळी नव्याने ओतत असे आणि वापरलेली ओळ पुन्हा वितळवत असे. पेज यांनी कामगाराची नक्कल केली, मर्गेनथेलर यांनी कामच बदलले. छापखान्यात वाढलेल्या ट्वेन यांना हा भेद कळू नये, यात त्यांच्या अनुभवाचाच दोष असावा.

खर्च परवडेना म्हणून जून १८९१ मध्ये हार्टफर्डचे घर बंद करून कुटुंब युरोपात गेले. तेथे राहणे स्वस्त होते. ट्वेन आता पैशासाठी भराभर लिहू लागले. ‘द मिलियन पाउंड बँक-नोट’ (१८९३) ही कथा याच ओढगस्तीतली. खिशात दमडी नसलेल्या एका तरुणाला मोडता न येणारी दहा लाख पौंडांची एकच नोट मिळते आणि ती खर्च न करताही केवळ तिच्या दर्शनाने सारे लंडन त्याला उधार देऊ लागते. पत म्हणजे काय, यावरील हे भाष्य लिहिणाऱ्या लेखकाची स्वतःची पत तेव्हा संपत आली होती.

दिवाळे

१८९३ च्या वसंतात अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. बँकांनी हुंड्यांची मुदत वाढवून देणे थांबवले. सप्टेंबरमध्ये ट्वेन पैशाच्या शोधात न्यूयॉर्कला आले. तेथे एका डॉक्टर मित्राने त्यांची ओळख हेन्री हटलस्टन रॉजर्स यांच्याशी करून दिली. रॉजर्स हे स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रमुखांपैकी एक होते आणि व्यवहारातील निष्ठुरतेसाठी त्यांचा लौकिक होता. ट्वेन यांच्या लेखनाचे मात्र ते चाहते होते. त्यांनी तातडीच्या ८ हजार डॉलरची सोय केली आणि पुढील सोळा वर्षे, एक पैही न घेता, ट्वेन यांचा आर्थिक कारभार पाहिला.

मार्च १८९४ मध्ये रॉजर्स यांनी ट्वेन यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतले आणि त्यांच्या पुस्तकांचे स्वामित्वहक्क व यंत्रातील हिस्सा ऑलिव्हिया यांच्या नावे करून दिला. ऑलिव्हिया यांनी संस्थेला मोठे कर्ज दिलेले असल्याने त्या प्रमुख धनको ठरत होत्या, असा त्यामागील आधार होता. १८ एप्रिल १८९४ रोजी संस्थेने आपली मालमत्ता धनकोंच्या हितासाठी विश्वस्ताच्या स्वाधीन केली आणि दिवाळे जाहीर झाले. बाहेरच्या धनकोंचे देणे १ लाख डॉलरच्या आसपास होते. धनकोंची संख्याही शंभराच्या घरात होती. त्यांत बँका, कागदाचे व्यापारी, छापखानेवाले आणि बांधणी करणारे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोमधील चाचणीत पेज यांचे यंत्र अपयशी ठरले आणि तो मार्गही बंद झाला.

येथे तत्कालीन कायद्याची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेचा १८६७ चा केंद्रीय दिवाळखोरी कायदा १८७८ मध्ये रद्द झाला होता आणि नवा कायदा १८९८ मध्ये आला. ट्वेन यांचे दिवाळे या मधल्या पोकळीत निघाले. आजच्याप्रमाणे न्यायालयाकडून ऋणमुक्तीचा दाखला घेऊन नव्याने सुरुवात करण्याची सुकर सोय तेव्हा नव्हती. शिवाय संस्था भागीदारीची असल्याने भागीदाराचे दायित्व अमर्यादित होते. ट्वेन कायद्याने मोकळे असूनही त्यांनी कर्ज फेडले, असे जे सर्रास लिहिले जाते, ते यामुळे तंतोतंत खरे नाही. त्यांच्यावर दावे होऊ शकत होते आणि जुलै १८९५ मध्ये जगप्रवासाला निघण्याच्या बेतात असताना एका धनकोने त्यांना चौकशीसाठी न्यूयॉर्कला खेचलेही. खरी गोष्ट अशी, की घर आणि स्वामित्वहक्क पत्नीच्या नावे असल्याने धनकोंच्या हाती लागण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, आणि डॉलरमागे निम्मी रक्कम घेऊन तडजोड करण्यास पुष्कळ जण राजी झाले असते.

पूर्ण रक्कम फेडायची, या निर्णयात ऑलिव्हिया यांचा वाटा सर्वांत मोठा होता. तडजोडीची कल्पनाही त्यांना असह्य वाटे. व्यवहारी रॉजर्स यांनीही वेगळ्या कारणाने त्यांनाच दुजोरा दिला : व्यापाऱ्याने तडजोड केली तर चालते, लेखकाचे मात्र नाव हेच भांडवल असते, असे त्यांचे मत होते. ट्वेन यांची मनःस्थिती काही काळ दोलायमान होती. त्यांना यंत्राची आशा होती, धनकोंचा रागही येई. ऑगस्ट १८९५ मध्ये व्हँकूव्हर येथे त्यांनी वृत्तपत्रांसाठी निवेदन दिले आणि डॉलरमागे शंभर सेंट देण्याचा, त्यासाठी सुमारे चार वर्षे लागतील असा अंदाज धरून, जाहीर संकल्प केला. त्यानंतर माघारीची वाट उरली नाही.

व्याख्यानांचा जगप्रवास

१५ जुलै १८९५ रोजी क्लीव्हलंड येथून प्रवास सुरू झाला. बरोबर ऑलिव्हिया व क्लॅरा होत्या. सूझी आणि जीन एल्मायरा येथे मावशीकडे राहिल्या. व्याख्यान हा शब्द या कार्यक्रमांना सैलपणेच लागू पडतो. हाती कागद न घेता ट्वेन मंचावर येत आणि घरच्या बैठकीत गप्पा माराव्यात तसे किस्से, पुस्तकांतील प्रसंग, भूतकथा सांगत. सहज वाटणारे हे कथन शब्दाशब्दाने आणि विरामासकट घोटलेले असे. प्रवासाच्या आरंभापासूनच ते गळवांनी आजारी होते. साठावा वाढदिवस त्यांनी न्यूझीलंडमध्ये दुखण्यातच काढला. होनोलुलूला पटकीची साथ असल्याने बोटीवरून उतरताच आले नाही आणि तेथील ठरलेला कार्यक्रम बुडाला. फिजी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व श्रीलंका करीत जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस पोहोचले.

मुंबईत त्यांचा मुक्काम एस्प्लनेडवरील वॉटसन हॉटेलात होता. काळा घोडा परिसरातील ही लोखंडी सांगाड्याची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. नॉव्हेल्टी थिएटरमध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. खोकल्याने ते काही दिवस खोलीतच अडकले होते. सज्जात येऊन बसणाऱ्या मुंबईच्या धीट, वाचाळ कावळ्यांचे जे वर्णन त्यांनी पुढे लिहिले, ते वाचकांच्या विशेष आवडीचे आहे. मलबार हिल आणि पारशांचा दोखमा त्यांनी पाहिला. बडोद्यात हत्तीवर बसण्याचा अनुभव घेतला. पुढे अलाहाबाद, काशी, कोलकाता, दार्जिलिंग, लखनौ, आग्रा, जयपूर, लाहोर अशी सुमारे दोन महिन्यांची भ्रमंती झाली. तिकिटे काढून येणारे श्रोते मुख्यतः युरोपीय अधिकारी, व्यापारी आणि इंग्रजी शिकलेले भारतीय होते. अशा प्रकारे ट्वेन यांच्या कर्जफेडीत काही वाटा मुंबईकर प्रेक्षकांचाही आहे. नंतर मॉरिशस व दक्षिण आफ्रिका येथील कार्यक्रम आटोपून जुलै १८९६ च्या अखेरीस ते इंग्लंडला पोहोचले.

मुलींना इंग्लंडला बोलावून सर्वांनी एकत्र राहावे, असे ठरले होते. तेवढ्यात सूझी आजारी असल्याची तार आली. ऑलिव्हिया व क्लॅरा तातडीने बोटीने निघाल्या. त्या समुद्रावर असतानाच १८ ऑगस्ट १८९६ रोजी हार्टफर्डच्या घरी मेंदूच्या आवरणदाहाने सूझी वारली. ती चोवीस वर्षांची होती. ट्वेन यांना ही बातमी इंग्लंडमध्ये एकटे असताना तारेने कळली. आपण कर्ज केले नसते तर हा प्रवास घडला नसता आणि मुलीला मागे ठेवावे लागले नसते, हा विचार त्यांना आयुष्यभर छळत राहिला. हार्टफर्डच्या घरात हे कुटुंब पुन्हा कधीच राहिले नाही. १९०३ मध्ये ते विकण्यात आले.

कर्जफेडीची पूर्तता

व्याख्यानांच्या मिळकतीने सगळे देणे फिटले नव्हते. प्रवासावरचे पुस्तक लिहिणे हा दुसरा टप्पा होता. लंडनमध्ये जवळजवळ अज्ञातवासात राहून, कोणाच्या भेटीगाठी न घेता, ट्वेन यांनी ‘फॉलोइंग द इक्वेटर’ लिहून काढले. पुस्तकात सूझीच्या मृत्यूचा उल्लेख नाही. विनोदी प्रवासवर्णन हवे होते आणि ते त्यांनी दिले. त्यात वसाहतवादावरचा उपरोध मात्र पूर्वीच्या पुस्तकांपेक्षा बराच तिखट आहे. नोव्हेंबर १८९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हाती येणारी रक्कम रॉजर्स यांच्याकडे जाई. ते ती साठवीत, योग्य वेळी धनकोंना वाटीत आणि प्रत्येकाची पावती ठेवीत.

१८९७ च्या उन्हाळ्यात एका न्यूयॉर्क दैनिकाने ट्वेन यांच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करण्यास सुरुवात केली. ट्वेन यांचा प्रथम या निधीला होकार होता. ऑलिव्हिया यांना ते मुळीच मान्य झाले नाही, रॉजर्सही विरुद्ध होते. अखेर ट्वेन यांनी जाहीर नकार कळवला आणि निधी बंद करण्यात आला. सप्टेंबर १८९७ पासून कुटुंब व्हिएन्नात राहत होते. १८९८ च्या पहिल्या महिन्यांत शेवटच्या धनकोंची रक्कम चुकती झाल्याचे रॉजर्स यांनी कळवले. चार वर्षांचा अंदाज अडीच वर्षांतच पुरा झाला होता. अमेरिकन वृत्तपत्रांनी ट्वेन यांची तुलना वॉल्टर स्कॉट यांच्याशी केली. १८२६ मध्ये प्रकाशनव्यवसायातच बुडालेल्या स्कॉट यांनीही दिवाळखोरी नाकारून कर्ज लेखणीने फेडण्याचे ठरवले होते. मात्र १८३२ मध्ये ते वारले तेव्हा बरेच देणे शिल्लक होते आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथांच्या उत्पन्नातून फिटले.

उत्तरायुष्य

ऋणमुक्तीमुळे ट्वेन यांचा स्वभाव पालटला नाही. देणे फिटल्यावर काही आठवड्यांतच, मार्च १८९८ मध्ये, गालिच्यांच्या नक्षीचे आराखडे तयार करणाऱ्या एका यंत्राचे अमेरिकेतील हक्क घेण्याची खटपट त्यांनी व्हिएन्नात सुरू केली. रॉजर्स यांनी चौकशी करून त्यांना परावृत्त केले. दुधापासून बनवलेल्या प्लाझ्मॉन या पौष्टिक भुकटीच्या कंपन्यांत मात्र त्यांनी पैसे घातलेच आणि हजारो डॉलर गमावले. या वेळी फरक एवढाच, की बुडालेली रक्कम त्यांची स्वतःची होती, उसनी नव्हती. आणि मूळ उत्पन्न रॉजर्स यांच्या देखरेखीखाली सुरक्षित होते. हुंड्यांवर व्यवसाय करण्याच्या फंदात ते पुन्हा पडले नाहीत आणि प्रकाशक होण्याचा नादही त्यांनी कायमचा सोडला.

‘द मॅन दॅट करप्टेड हॅडलीबर्ग’ (१८९९) ही दीर्घकथा या काळातील त्यांची महत्त्वाची कृती होय. प्रामाणिकपणाचा तोरा मिरवणारे एक गाव सोन्याच्या नाण्यांच्या पिशवीपुढे कसे ढासळते, हे तीत आले आहे. ऑक्टोबर १९०० मध्ये ट्वेन अमेरिकेला परतले, तेव्हा त्यांचे स्वागत केवळ विनोदी लेखक म्हणून नव्हे, तर शब्दाला जागलेला माणूस म्हणून झाले. फिलिपीन्समधील अमेरिकन युद्धाविरुद्ध त्यांनी जी रोखठोक टीका केली, तिला या नैतिक प्रतिष्ठेचे पाठबळ होते. १९०३ मध्ये हार्पर या प्रकाशनसंस्थेशी झालेल्या करारानुसार त्यांना पाच वर्षे दरसाल किमान २५ हजार डॉलरची हमी मिळाली. दहा वर्षांपूर्वी ज्यांची हुंडी कोणी स्वीकारत नव्हते, त्यांच्या भावी लेखनावर आता प्रकाशक आगाऊ हमी देऊ लागले होते.

५ जून १९०४ रोजी फ्लॉरेन्स येथे ऑलिव्हिया यांचे निधन झाले. मे १९०९ मध्ये रॉजर्स गेले, त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी धाकटी मुलगी जीन गेली. ट्वेन यांनी डिसेंबर १९०८ मध्ये आपल्या नावाची एक कंपनी स्थापून स्वामित्वहक्क तिच्याकडे सोपवले होते. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेचे मोल साडेचार लाख डॉलरहून अधिक भरले. क्लॅरा या त्यांच्या एकमेव हयात वारस होत्या.

मूल्यमापन

अल्बर्ट बिगेलो पेन यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिकृत चरित्राने या कर्जफेडीला वीरगाथेचे रूप दिले आणि शालेय पुस्तकांनी ते उचलले. ट्वेन व रॉजर्स यांचा पत्रव्यवहार १९६९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दिसले. पत्नीला प्रमुख धनको ठरवून मालमत्ता वाचवण्याची योजना कायद्याच्या चौकटीत होती, तरी ती धनकोंच्या गैरसोयीचीच होती. काही धनकोंविषयी ट्वेन यांनी पत्रांतून काढलेले उद्गार कृतज्ञतेचे नाहीत. मात्र हीच योजना नसती, तर ‘हकलबेरी फिन’सह सर्व ग्रंथांचे हक्क १८९४ च्या मंदीत मातीमोल भावाने विकले गेले असते आणि संपूर्ण कर्जफेडीसाठी लागणारे उत्पन्नाचे साधनच उरले नसते, असेही त्या पत्रांवरून दिसते. रॉजर्स यांच्याविषयीही अभ्यासकांत दुमत आहे. आयडा टार्बेल यांनी ज्या स्टँडर्ड ऑइलचे गैरव्यवहार उघडकीस आणले, त्या कंपनीच्या एका कर्त्या पुरुषाशी असलेल्या या मैत्रीबद्दल ट्वेन यांच्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. त्यांनी ती मैत्री कधी लपवली नाही.

पेज यांच्या यंत्राचा आज एकच नमुना शिल्लक आहे. तो हार्टफर्ड येथील ट्वेन यांच्या घरात, जे आता संग्रहालय आहे, ठेवण्यात आला आहे.